सुनीती सॉलोमन

डॉ. सुनीती सॉलोमन (पूर्वाश्रमीच्या सुनीती गायतोंडे, मृत्यू : २८ जुलै २०१५, चेन्नई) या भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व एच.आय.व्ही. संशोधक होत्या. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग असल्याचा पहिला पुरावा १९८६ साली ज्या संशोधनातून पुढे आला, ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. १९९३ साली त्यांनी चेन्नई येथे वाय. आर. गायतोंडे एड्स संशोधन व शिक्षण केंद्राची (वाय.आर.जी. केअर) स्थापना केली. वैद्यकक्षेत्रातील कार्यासाठी भारत सरकारने २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री पुरस्कार जाहीर केला.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

सुनीती यांचा जन्म १९३०च्या दशकाच्या अखेरीस मद्रास (आताचे चेन्नई) येथे स्थायिक झालेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात झाला. कुटुंबाचा चामड्याचा व्यापार होता. आठ भावंडांमध्ये त्या सातव्या आणि एकुलत्या एक कन्या होत्या. देवीची लस टोचण्यासाठी आरोग्य अधिकारी दरवर्षी घरी येत; त्यातून वैद्यकाविषयी ओढ निर्माण झाल्याचे त्या सांगत.

मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. याच काळात त्यांची व्हिक्टर सॉलोमन यांच्याशी ओळख झाली. पुढे दोघांचा विवाह झाला. व्हिक्टर हे ख्रिस्ती कुटुंबातील असून पुढे हृदयशल्यविशारद झाले. विवाहानंतर सुनीती यांनी इंग्लंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे विकृतिशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. आपल्या सेवेची गरज भारतात अधिक आहे, या भावनेने त्या १९७३ साली पतीसह मायदेशी परतल्या. त्यानंतर सूक्ष्मजीवशास्त्रात उच्च शिक्षण घेऊन त्या मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत रुजू झाल्या व प्राध्यापकपदापर्यंत पोहोचल्या.

पार्श्वभूमी

एड्स या आजाराचे पहिले रुग्ण अमेरिकेत १९८१ साली नोंदले गेले. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रान्स्वाज बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांनी त्यास कारणीभूत असलेला विषाणू शोधून काढला. १९८५ साली रक्तातील प्रतिपिंडे ओळखणारी चाचणी उपलब्ध झाली. हा विषाणू प्रतिकारशक्तीचे नियमन करणाऱ्या सीडी४ पेशींमध्ये शिरतो व त्यांचा हळूहळू नाश करतो. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये सर्वसाधारणपणे ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. ही संख्या २००च्या खाली गेली की क्षयासारखे संधिसाधू आजार बळावतात. संसर्ग आणि लक्षणे यांच्यामध्ये अनेक वर्षांचे अंतर पडू शकते, त्यामुळे तपासणीशिवाय संसर्ग लक्षात येत नाही.

भारतात त्या वेळी एड्स हा परदेशांतील आजार मानला जात असे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत शेकडो नमुन्यांची तपासणी झाली होती. परंतु त्यांत एकही बाधित आढळला नव्हता. त्यामुळे आपल्या समाजात या रोगाला थारा मिळणार नाही, हा समज अधिकच दृढ झाला होता.

१९८६चे संशोधन

डॉ. सॉलोमन यांनी आपली पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांना प्रबंधासाठी एड्सच्या सर्वेक्षणाचा विषय सुचविला. पूर्वीच्या तपासण्यांत काहीच न आढळल्याने निर्मला प्रारंभी साशंक होत्या. मद्रासमधील सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने त्यांनी सुमारे तीन महिन्यांत गोळा केले. साधने तुटपुंजी होती. हातमोजेही उपलब्ध नव्हते, आणि वेगळे केलेले रक्तद्रव त्या घरच्या शीतकपाटात ठेवत.

मद्रासमध्ये चाचणीची सोय नसल्याने डॉ. सॉलोमन यांनी वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात व्यवस्था केली. फेब्रुवारी १९८६मध्ये निर्मला रात्रीच्या रेल्वेगाडीने नमुने घेऊन काटपाडीला गेल्या. वेल्लोरचे विषाणुशास्त्रज्ञ डॉ. जेकब टी. जॉन यांच्या देखरेखीखाली एलायझा चाचणी करण्यात आली. या चाचणीत विषाणूच्या प्रथिनांचा लेप दिलेल्या खळग्यांत रक्तद्रव घालतात. त्यात विषाणूविरोधी प्रतिपिंडे असल्यास ती प्रथिनांना चिकटतात आणि नंतर घातलेल्या विकरामुळे द्रव्याचा रंग पालटतो. सहा खळग्यांतील द्रव पिवळा झाला.

एलायझा चाचणीत कधीकधी निरोगी व्यक्तीचा नमुनाही बाधित दिसू शकतो. म्हणून त्या सहा स्त्रियांचे रक्त पुन्हा घेण्यात आले. डॉ. एरिक सिमोस हे नमुने घेऊन अमेरिकेस गेले. विषाणूची प्रथिने आकारमानानुसार वेगळी करून प्रत्येकाविरुद्धची प्रतिपिंडे तपासणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट या चाचणीने निष्कर्षावर शिक्कामोर्तब केले. तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांना याची माहिती देण्यात आली. मे १९८६मध्ये तमिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हांडे यांनी विधानसभेत ही वार्ता जाहीर केली. १९८७ साली हे संशोधन ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

आजच्या संशोधन-नीतीच्या दृष्टीने या तपासणीची एक बाजू विचारात घेणे आवश्यक ठरते. रक्त कोणत्या रोगासाठी तपासले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते, असे डॉ. निर्मला यांनी पुढे नमूद केले आहे. आज भारतात एच.आय.व्ही. चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घेणे २०१७च्या एच.आय.व्ही. व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमानुसार बंधनकारक आहे. स्वेच्छेने तपासणी, गोपनीयता आणि तपासणीपूर्वी व नंतर समुपदेशन ही डॉ. सॉलोमन यांच्या पुढील कार्याची मुख्य सूत्रे होती.

वाय.आर.जी. केअर

शोधानंतर डॉ. सॉलोमन यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात एड्स संशोधन गट उभारला. त्या काळी अनेक रुग्णालये बाधितांना दाखल करून घेण्यास नकार देत आणि कुटुंबेही त्यांना दूर लोटत. या रुग्णांमध्ये काम करण्यास सुरुवातीला पतीचाही विरोध होता. रुग्णांच्या कहाण्या ऐकल्या तर मत बदलेल, असे त्यांचे उत्तर होते.

१९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय.आर.जी. केअर हे केंद्र सुरू केले. स्वेच्छा तपासणी व समुपदेशन देणाऱ्या देशातील आद्य केंद्रांमध्ये त्याची गणना होते. पुढे चेन्नईतील तारामणी येथील व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस रुग्णालयाच्या आवारात त्याचा विस्तार झाला. तपासणी, बाह्यरुग्ण व आंतररुग्ण सेवा, प्रयोगशाळा आणि संशोधन ही सर्व कामे तेथे एकत्र चालत.

प्रमुख संशोधन

आजाराचा भारतीय क्रम : एच.आय.व्ही.विषयीचे आरंभीचे बहुतेक ज्ञान पाश्चात्त्य रुग्णांवर आधारलेले होते. डॉ. एन. कुमारस्वामी, डॉ. सॉलोमन व सहकाऱ्यांनी २००३ साली दक्षिण भारतातील ५९४ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसदाह एड्सचा ठळक निदर्शक मानला गेला होता. येथे मात्र जवळपास निम्म्या रुग्णांत फुप्फुसांचा क्षय आढळला. त्यावरून भारतात एच.आय.व्ही. व क्षय यांचा विचार एकत्र करावा लागेल, हे स्पष्ट झाले.

विवाहित स्त्रियांमधील संसर्ग : पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेशी संबंधित डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुप्तरोग उपचार केंद्रांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के बाधित असल्याचे त्यात दिसले. चेन्नईच्या केंद्रातील बाधित स्त्रियांविषयी डॉ. सॉलोमन यांच्या गटाने २००० साली मांडलेले निष्कर्ष याच दिशेचे होते. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गृहिणी होत्या आणि पतीखेरीज त्यांचा अन्य कोणाशीही शरीरसंबंध आलेला नव्हता. पतीशी एकनिष्ठ राहिल्याने स्त्री सुरक्षित राहते, हा प्रतिबंधाच्या प्रचारातील गृहीत विचार या दोन्ही अभ्यासांनी मोडीत काढला.

उपचारातून प्रतिबंध : एक जोडीदार बाधित व दुसरा अबाधित असलेल्या १७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एचपीटीएन ०५२ ही चाचणी झाली. अमेरिकेतील मायरन कोहेन हे तिचे प्रमुख होते. भारतात चेन्नईचे वाय.आर.जी. केअर आणि पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था यांचा तीत सहभाग होता. निम्म्या जोडप्यांत बाधित जोडीदारास तत्काळ औषधे देण्यात आली, तर उरलेल्यांत सीडी४ पेशी घटल्यावर किंवा लक्षणे दिसल्यावर. २०११ सालच्या निष्कर्षांनुसार बाधित जोडीदाराकडून झालेल्या २८ संसर्गांपैकी केवळ एक तत्काळ उपचाराच्या गटात होता. याचा अर्थ संसर्गाचा धोका ९६ टक्क्यांनी घटला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सर्व बाधितांना निदान होताच उपचार देण्याची शिफारस केली. भारताने हे धोरण २०१७ साली स्वीकारले.

सामाजिक कार्य

औषधांमुळे आयुर्मान वाढल्यावर बाधितांपुढे विवाह व अपत्य यांचे प्रश्न उभे राहिले. घरच्यांनी लग्नाचा आग्रह धरावा आणि संसर्गाची गोष्ट मात्र उघड करता येऊ नये, अशा कोंडीत अनेक तरुण सापडत. अशा स्थितीत बाधित व्यक्तींनी परस्परांशी विवाह करावा, यासाठी डॉ. सॉलोमन स्वतः स्थळे जुळवीत. आरोग्याची स्थिती, शिक्षण व अपेक्षा यांचा विचार करून त्या जोड्या सुचवीत. या उपक्रमावर अ‍ॅन एस. किम व प्रिया गिरी देसाई यांनी ‘लव्हसिक’ (२०१७) हा माहितीपट तयार केला.

पुरस्कार, अखेरचा काळ व महत्त्व

केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाचा राष्ट्रीय महिला जैववैज्ञानिक पुरस्कार त्यांना मिळाला. पती व्हिक्टर यांचे २००६ साली निधन झाले होते. पुत्र सुनील सुहास सॉलोमन हे एच.आय.व्ही.चेच संशोधक आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने २८ जुलै २०१५ रोजी चेन्नई येथे डॉ. सॉलोमन यांचे निधन झाले.

त्यांच्या १९८६च्या संशोधनानंतर देशाच्या आरोग्यधोरणात वेगाने बदल झाले. १९८७ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा आरंभ झाला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. एप्रिल २००४पासून शासनाने मोफत विषाणूरोधी औषधोपचार सुरू केले. रुग्णाला दोषी न ठरविता त्याच्यावर उपचार करणे आणि त्या उपचारांतूनच नवे ज्ञान मिळविणे, ही डॉ. सॉलोमन यांची कार्यपद्धती भारतातील एच.आय.व्ही. संशोधनास दिशा देणारी ठरली.