फॅशन आणि फॅक्टरी

खोपोलीत आमच्या घरी सकाळी दोघं कामाला लागायची. बाबा डबा घेऊन फॅक्टरीत जायचे, आई पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची. बाबांच्या जाण्याला ‘ड्युटी’ म्हणत. आईच्या बसण्याला काहीच नाव नव्हतं.

दहावीत असताना तिने मला पाठीवर गोंडे लावलेला ब्लाउज शिवला. हळदीकुंकवाला शेजारच्या काकू म्हणाल्या, “फॅशन वाढली हो पोरीची!” आई हसली. घरी आल्यावर तिने गोंडे उसवले.

तो शब्द माझ्या मनात अडकून राहिला. पुढे कॉलेजात शब्दकोश उघडला, तर भलतंच निघालं. ‘फॅशन’ इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिन क्रियापद ‘फाकेरे’. अर्थ अगदी साधा: करणे, बनवणे. इंग्रजीतही आधी त्याचा अर्थ वस्तूची घडण, आकार असा होता. मग रीत, पद्धत. चालू जमान्याचा पोशाख हा अर्थ त्यानंतरचा, सोळाव्या शतकाच्या सुमाराचा. ‘फॅक्टरी’चं मूळही हेच ‘फाकेरे’. म्हणजे बाबांची फॅक्टरी आणि आईची फॅशन एकाच घरातल्या!

मराठीत या जुन्या अर्थाला आपले शब्द आहेत. मडक्याचा घाट, पाटल्यांची घडण. सोनार तर घडणावळ वेगळी मोजून घेतो. पण आपण ‘फॅशन’ घेतला तो घडणीच्या जागी नाही. तो ‘टूम’ आणि ‘नखरा’ यांच्या शेजारी जाऊन बसला. करणारा हात शब्दातून गळून पडला. उरली ती मिरवणारी मुलगी.

आमच्या भागात नवे कपडे आणि नव्या तऱ्हा मुंबईहून यायच्या. 12 मे 1856 रोजी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत रेल्वे आली. त्याच वर्षी मुंबईत कावसजी दावर यांची कापडगिरणी चालू झाली. बोरघाटातला लोहमार्ग व्हायला 1863 उजाडलं. तोवर पुण्याकडे जाणारे खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने घाट चढत.

माझी पणजी कर्जतजवळच्या खेड्यातली. तिने जन्मभर नऊवारीच नेसली. आजीने पाचवारी नेसायला सुरुवात केली, तेव्हा तिलाही ‘फॅशन’ म्हणून ऐकावं लागलं होतं. आज पाचवारी म्हणजे संस्कार. आणि नऊवारी? ती आता लग्नसराईत शिवून मिळते. नेसायची नाही, पायजम्यासारखी चढवायची. पणजीचा रोजचा वेष आज फॅशन झाला आहे, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त ऑर्डरी त्याच्याच असतात.

गेल्या मार्गशीर्षात त्याच काकू सुनेसाठी नऊवारी शिवायला घेऊन आल्या. काठ जुळवायचे, ओचा नीट बसवायचा, निऱ्या पक्क्या करायच्या. दोन दिवसांचं काम. शिलाई ऐकून म्हणाल्या, “एवढी? घरच्या घरी तर शिवतेस!”

एरवी आईने पन्नास रुपये कमी केले असते. मी मध्ये पडले. “काकू, सोनाराकडे घडणावळ कमी करून घेता का?”

काकू गप्प झाल्या. आईने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग टेप गळ्यात अडकवून वहीत माप लिहायला घेतलं. पुढे शिलाई लिहिली. पूर्ण.