घरपट्टी जास्त लागली? आधी नमुना 8 काढा, मग हरकत घ्या

ग्रामपंचायत दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी करते. नवीन यादी लागली की पारावर बोंबाबोंब होते, पण लेखी हरकत चार-दोन जणच देतात. बाकीचे "भरणारच नाही" म्हणून बसतात. भरणा थांबवला म्हणजे हरकत नोंदली असं होत नाही, नुसती थकबाकी वाढते. बिल मिळून तीन महिन्यांत पट्टी भरली नाही तर ग्रामपंचायत सदस्यपदही अडचणीत येतं.

आधी ग्रामसेवकाकडून नमुना 8 चा उतारा घ्यावा. हा तलाठ्याचा 8अ नव्हे. 8अ शेतजमिनीचा, नमुना 8 घराच्या कर आकारणीचा. दोन्हींत गल्लत करून लोक उगाच तलाठी कार्यालयात हेलपाटे घालतात.

डिसेंबर 2015 च्या नियमांपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते. जागेचं क्षेत्रफळ गुणिले रेडी रेकनरचा जमीन दर, त्यात बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकाम दर गुणिले घसारा दर मिळवायचा. आलेल्या बेरजेला वापराचा भारांक लावायचा: राहत्या घराला 1, उद्योगाला 1.20, दुकानाला 1.25. जे मूल्य येईल त्याच्या दर हजारी ठरलेले पैसे, ही झाली पट्टी.

चूक शोधायची ती याच आकड्यांत. टेप घेऊन घर स्वतः मोजावं. 20 बाय 30 फुटांचं घर 600 चौरस फूट, म्हणजे साधारण 55.74 चौरस मीटर. मीटरच्या रकान्यात 600 पडले तर क्षेत्रफळ जवळजवळ अकरा पट होतं! घर मातीचं की स्लॅबचं, बांधकामाचं वर्ष कोणतं, हेही बघावं. जुन्या घराला घसारा जास्त, त्यामुळे मूल्य कमी. वर्ष चुकलं की जुनं घर नव्याच्या भावात जातं. पुढच्या खोलीतलं दुकान कधीच बंद झालं असेल आणि नोंद अजून तशीच असेल, तर तेही लिहावं.

हरकतीचा अर्ज नोटिशीतल्या मुदतीच्या आत ग्रामपंचायतीकडे द्यावा. "कर फार आहे" एवढंच लिहून उपयोग नाही. नोंदीत काय आहे, प्रत्यक्षात काय आहे, दोन्ही आकडे लिहावेत. सोबत घराचे फोटो, जुन्या पावत्या, जुना नमुना 8 जोडावा. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी "बघतो" म्हणाले तर त्याला काही किंमत नाही.

तिथे ऐकलं नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 प्रमाणे पंचायत समितीकडे अपील करता येतं. तिचा निकाल मान्य नसेल तर पुढचं अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. तिथला निर्णय अंतिम. दोन्हीकडे पहिल्या अर्जाची पोच जोडावी लागेल, म्हणून ती फाईलला नीट लावून ठेवावी.

हरकत मान्य झाली तर नमुना 8 ला दुरुस्ती झाल्याचं बघूनच नवा उतारा घ्यावा. नाहीतर पुढच्या साली जुनाच आकडा परत मागणीत येतो.