पारख्याची पायपीट

गुणवान माणसांचा दुष्काळ कोणत्याहि देशांत क्वचितच पडतो. दुष्काळ पडतो तो त्यांना पाहण्यासाठीं आडवाटेनें जाणाऱ्यांचा. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासांत याचें एक बोलकें उदाहरण सांपडतें.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू हातीं घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत पुढें जावयाचें, असा हा दांडगा खेळ आहे. त्याचे धंदेवाईक संघ आपले गडी बहुधा महाविद्यालयांतून निवडतात. धनवान संघांनींच सारे उत्तम गडी पळवूं नयेत म्हणून फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं एक तोड सुचविली: सर्वांत दुबळ्या संघानें प्रथम निवड करावी, मग इतरांनीं पाळीपाळीनें. या निवडीस ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९३६ सालच्या पहिल्या ड्राफ्टमध्यें ८१ नांवें पुकारलीं गेलीं. संघांजवळ त्या काळीं पगारी पारखी नव्हते. वर्तमानपत्रांतील स्तुति आणि ओळखीच्यांच्या शिफारशी यांवरच सारी भिस्त असे. ज्याची कीर्ति छापून आली नाहीं, तो निवडणारांच्या लेखीं जन्मासच आलेला नसे.

कृष्णवर्णीय तरुणांच्या वाट्यास तर उपेक्षेहूनहि वाईट असें कांहीं आलें, तें म्हणजे बहिष्कार. १९३४ पासून १९४५ पर्यंत नॅशनल फुटबॉल लीगमध्यें एकहि कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पुढें ही अलिखित बंदी उठली, तरी दक्षिणेंतील मोठ्या विद्यापीठांचीं दारें त्यांना दीर्घकाळ बंदच राहिलीं. ते खेळत आपल्या समाजाच्या लहान महाविद्यालयांत, आणि तिकडे पारखी सहसा फिरकत नसत. १९४९ सालीं लॉस अँजेलिस रॅम्सचे पारखी एडी कोटल यांनीं लुइझियानांतील ग्रॅम्ब्लिंग महाविद्यालयाचा पॉल ‘टँक’ यंगर हा गडी हेरला. ड्राफ्टमध्यें त्याला कोणीं घेतलें नव्हतें. अशा महाविद्यालयांतून लीगमध्यें आलेला तो पहिलाच.

पिट्सबर्ग शहरीं ‘पिट्सबर्ग कूरियर’ हें कृष्णवर्णीयांचें वजनदार वृत्तपत्र निघे. त्याचे क्रीडालेखक बिल नन हे या महाविद्यालयांतून स्वतः हिंडून उत्तम खेळाडूंची यादी दरवर्षीं प्रसिद्ध करीत. त्याच शहरांतील स्टीलर्स संघ वर्षानुवर्षें हरत होता. परंतु कांखेंत कळसा आणि गांवाला वळसा, अशी त्याची स्थिति. अखेर संघाच्या मालक घराण्यांतील डॅन रूनी यांनीं नन यांना आपल्याकडे वळविलें.

१९७४ सालीं ओल्या मैदानावर जॉन स्टॉलवर्थची धांव मंद भरली व इतर पारखी निघून गेले. नन मात्र प्रकृतीचें निमित्त करून मागें राहिले आणि दुसऱ्या दिवशीं कोरड्या जागीं त्यांनीं ती पुन्हा मोजली, असें सांगतात. स्टीलर्सनीं त्याला चौथ्या फेरींत घेतलें. त्या वर्षीं १७ फेऱ्यांत ४४२ नांवें पुकारलीं गेलीं. त्यांत साउथ कॅरोलायना स्टेटच्या डॉनी शेलचें नांव नव्हतें. ननच्या पारखीवर विसंबून स्टीलर्सनीं त्याला ड्राफ्टबाहेरून घेतलें. तो १४ हंगाम खेळला, प्रतिपक्षाचे ५१ चेंडू त्यानें मधल्यामध्यें झेलले, आणि चार अजिंक्यपदांत त्याचा वांटा होता. फुटबॉलच्या कीर्तिमंदिरांत शेलची निवड २०२० च्या तुकडींत झाली, ननची २०२१ मध्यें; नन तोंवर हयात नव्हते. ते २०१४ सालीं वारले.

अशा कथा वाचून गुण कधीं ना कधीं प्रकाशांत येतोच, असें समाधान मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शेल मिळाला, कारण एक माणूस त्याच्यापर्यंत गेला. ननच्या आधींच्या पिढींत ज्यांच्या मैदानावर कोणीच गेलें नाहीं, त्यांची गणति कोणत्याहि कीर्तिमंदिरांत ठेवलेली नाहीं.