सुपारी आणि शिकवणी

नागपूर-अमरावती महामार्गावर कारंजा (घाडगे) लागतं, वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. लग्नसराईत तिथल्या कार्यालयांत सनई ऐकू येते, पण वाजवणारा बहुतेक वेळा दिसत नाही. कुणाच्या तरी फोनमधली फाइल स्पीकरवर चालू असते, संपली की पुन्हा पहिल्यापासून. वाजवणारे कुठे गेले याचा अंदाज लागतो. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न मोठा वाटतो: सनई शिकवणारे कुठे गेले?

याचं उत्तर शोधायला सनईच्या एका दूरच्या चुलत भावाकडे जाऊ. युरोपातला ओबो, पश्चिम आशियातला झुर्ना आणि आपली सनई, तिघांचं कूळ एकच. तोंडाशी दोन पातळ पत्त्या एकमेकींवर बांधलेल्या असतात, त्यांच्या फटीतून फुंकायचं. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या कारागिरांनी या जातीच्या वाद्याचा कर्कशपणा काढून ते दरबारात बसण्याजोगं केलं. पुढे त्याला चाव्या आल्या. सनईला चाव्या नाहीतच. बोट अर्धवट उचलून आणि ओठांचा दाब बदलून मींड काढावी लागते.

ओबोवाल्याचं करिअर दोन पायांवर उभं राहिलं. एक, वाद्यवृंदातली पगाराची खुर्ची. दुसरा, शिष्य. मार्सेल ताब्युतो हा फ्रेंच माणूस 1915 ते 1954 फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदात वाजवत होता आणि 1924 पासून तिथल्याच कर्टिस संस्थेत शिकवतही होता. ओबोच्या शिकवणीत वेताची पत्ती तासायलाही शिकावं लागतं, कारण पत्ती बिघडली तर सूरच गेला. ताब्युतोचा शिष्य जॉन डी लॅन्सी 1945 मध्ये अमेरिकन सैनिक म्हणून जर्मनीत होता. तिथे तो म्हाताऱ्या रिचर्ड स्ट्राउसला भेटला आणि ओबोसाठी काही लिहाल का, असं विचारलं. स्ट्राउस नाही म्हणाला, आणि नंतर त्याने लिहिलंच. 1946 मध्ये झुरिकला तो कॉन्चेर्तो पहिल्यांदा वाजला. पुढे गुरू निवृत्त झाल्यावर फिलाडेल्फियातली त्याची खुर्ची याच शिष्याला मिळाली.

आपल्याकडे खुर्ची नव्हती. देवळाचं इनाम, दरबारची चाकरी, गावातलं धान्य, नंतर लग्नाची सुपारी, यांवर सनईवाला जगला. विदर्भातल्या खेड्यांत सनईच्या जोडीला डफडं असे आणि वाजवणारे बरेचदा मातंग समाजातले. वाद्य मंगल, पण वादकाची जागा मांडवाच्या दाराशी. ज्यांच्या सुराशिवाय अक्षता पडत नसत त्यांना पंगतीत बसवायला लोक तयार नव्हते. हेही सनईच्या इतिहासात यायलाच हवं.

आणि शाळा? शाळा म्हणजे ताफाच. मुख्य सनईच्या मागे एक जण नुसता षड्ज धरून बसतो, त्याला ‘सूर’ देणं म्हणतात. नाकाने श्वास घेत, गालातली हवा सोडत, आवाज न तोडता. घरातल्या पोराला हे काम द्यायचं. तो तासन्‌तास सूर धरायचा, समोर काका काय करतोय ते ऐकायचा, आणि बिदागीत त्याचाही थोडा वाटा असायचा. शिकता शिकता कमाई. बिस्मिल्ला खाँदेखील (1916-2006) मामांकडेच शिकले. ते मामा, अलीबक्ष, काशी विश्वनाथाच्या देवळात सनई वाजवत.

सनई दारातून मंचावर आली ती अशाच घरांमधून. पुण्यात शंकरराव गायकवाडांनी तिला मैफलीत बसवलं, त्यांच्या तबकड्या निघाल्या. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईची धाकटी बहीण, सुंदरी, पिढ्यान्‌पिढ्या जपली. 1959 मध्ये वसंत देसाईंच्या संगीतातला ‘गूँज उठी शहनाई’ आला आणि बिस्मिल्लांची सनई थिएटरात पोचली. 2001 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं.

पण ज्या ध्वनिमुद्रणाने सनईला मान दिला त्यानेच दारातली सुपारी खाल्ली. सर्वोत्तम वादक फुकटात वाजत असेल तर गावातल्या ताफ्याला कोण बोलावणार? ओबोचा शिष्य वाद्यवृंदाबाहेर, गुरूच्या घरीही शिकू शकतो. सनईची शिकवणी सुपारीतच गुंफलेली होती. सुपारी गेली तशी तीही गेली. तबल्याचा किंवा हार्मोनियमचा क्लास तालुक्याच्या गावी सापडू शकतो, सनईचा सहसा नाही.

उलट बाजूचा पुरावा मुंबईत आहे. एनसीपीएत 2006 मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला तेव्हा बरेच वादक परदेशातून आणावे लागले. इथे खुर्ची तयार झाली होती, पण शिकवणाऱ्यांची साखळी नव्हती.

आजही कुणी सनईचा ताफा ठरवायला गेलं की घासाघीस होते. मुख्य सनईवाला हवाच, ताल धरणाराही हवा. मग बोट जातं सूर धरणाऱ्या तिसऱ्याकडे: हा कशाला, सूरपेटी लावा ना.