रयतेचे दुःख आणि राज्याचे लाकूड

सह्याद्रीच्या अरण्याचा इतिहास पाहू जाता प्रथम ध्यानात घ्यावे लागते ते हे की, हे अरण्य निर्मनुष्य असे कधीच नव्हते; जावळीच्या ज्या निबिड झाडीची ख्याती अफजलखानाच्या स्वारीने अजरामर केली, त्या झाडीतही मोऱ्यांची सत्ता नांदत होती, हिरडा वेचला जात होता आणि डोंगरउतारांवर नाचणी-वरी पिकत होती. त्यामुळे रान राखावे की तोडावे, हा प्रश्न येथे नेहमीच कोणाला विचारून तोडावे, या प्रश्नाशी बांधलेला राहिला.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासंबंधी जे प्रकरण आहे, त्यात या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केलेला आढळतो. गलबतांसाठी सागवानादी लाकूड हुजूरची परवानगी घेऊन राज्यातील अरण्यातून तोडावे, अधिक लागेल ते बाहेरच्या मुलखातून विकत आणावे. परंतु आंबा, फणस ही झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी जोपासलेली असतात, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झाले, तर धन्यास राजी करून, मोल देऊन मगच ते तोडावे, असेही अमात्य सांगतात. येथे रयतेचे दुःख ही राज्याच्या हिशेबातली रक्कम ठरते. अर्थात आज्ञापत्र हा राजनीतीचा ग्रंथ आहे, अंमलाचा दाखला नव्हे. प्रत्येक हवालदाराने ही आज्ञा शिरसावंद्य मानली असेल, असे समजण्याचा भोळेपणा करू नये.

पुढे कंपनी सरकार आले. सागवानाची भूक त्यांनाही होतीच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ब्रिटिश आरमाराची जहाजे सागवानीच होती. परंतु या अमलातला एक माणूस निराळा होता. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने शल्यवैद्य, पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक. 1847 साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. कोकणातील डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि वाहून आलेल्या गाळाने खाड्या भरत जातात, हे त्याने त्या काळी सरकारच्या निदर्शनास आणले. वृक्ष आणि पाणी यांचा हा संबंध गावकऱ्यांना अज्ञात होता असे नाही. काळकाई-वाघजाईच्या देवरायांत कुऱ्हाड चालत नसे आणि गावाचे पाणी पुष्कळदा तिथूनच येई.

गिब्सनची दृष्टी कागदावर राहिली आणि आगगाडी घाटात आली. बोरघाटाचा मार्ग 1863 साली खुला झाला, स्लीपरांची मागणी वाढत गेली, आणि 1878 च्या कायद्याने राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. या हद्दींचा खरा चटका ठाणे-कुलाब्याच्या भातशेतकऱ्यांना बसला, तो राबापायी. रोप टाकण्याच्या जमिनीवर शेण, ऐन-किंजळाचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर द्यावयाचे, वर माती पसरावयाची आणि पावसाळ्यापूर्वी ते सारे जाळावयाचे. त्याने तणाचे बी मरते, राखेने जमिनीस कस येतो आणि रोप जोमाने उठते. टहाळ येणार डोंगरावरून, आणि डोंगर तर आता सरकारजमा! वनाधिकाऱ्यांच्या मते फांद्या छाटल्याने झाडे खुरटत होती, आणि ही तक्रार अगदीच निराधार नव्हती; पण त्याच झाडांचे ठेकेदारांनी कोळसे केले तर त्याचे उत्पन्न खजिन्यात जमा होत असे, हेही विसरता येत नाही. जोतीराव फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो कोरडा ओढला, तो गायराने आणि डोंगर गमावून बसलेल्या या शेतकऱ्याच्याच वतीने.

ओरड इतकी वाढली की, सरकारला 1885 साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली आला. त्यात राबाची बाजू सविस्तर ऐकली गेली. तथापि टहाळ तोडण्याची मुभा पुढेही सरकारच्या मर्जीवरची सवलत म्हणूनच चालली, आणि मर्जी फिरवण्यास तर एक परिपत्रक पुरे होत असे. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, ही कबुली कायद्याच्या प्रस्तावनेत उमटण्यास 2006 साल उजाडावे लागले.