नाव दिल्याने आकडा लपतो काय?

सर्किट सिम्युलेशन करणाऱ्यांत एक मत पक्के रुजले आहे: नावाचे पॅरामीटर मोठ्या डिझाइनला ठीक, दोन रेझिस्टर आणि दोन कपॅसिटरच्या सर्किटात सरळ आकडेच लिहावेत. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. रेझिस्टरशेजारी 10के दिसले की सर्किट वाचता येते. महिरपी कंसात नुसते 'आर' असेल तर नजर दुसरीकडे वळवावी लागते. शिवाय बर्कलीच्या 1970च्या दशकातील मूळ स्पाइसमध्ये ही सोय नव्हती, तरी कामे अडली नाहीत.

दिसण्याच्या आक्षेपाला उत्तर सोपे आहे. एलटीस्पाइसमध्ये '.पॅरॅम'ची ओळ आकृतीवरच लिहितात. नजर चार बोटे सरकवावी लागते, इतकेच. खरी चूक गृहीतकात आहे. नाव टंकनाचे श्रम वाचवण्यासाठी असते, असे ही मंडळी धरून चालतात. नाव राशींमधले नाते नोंदवते, आणि ते नाते लहान सर्किटातही असतेच.

सॅलन-की लो-पास फिल्टर घ्या. गेन एक, दोन्ही रेझिस्टर समान, प्रतिसाद बटरवर्थ. त्यासाठी फीडबॅकचा कपॅसिटर ग्राउंडकडच्या कपॅसिटरच्या दुप्पट हवा. 1 किलोहर्ट्झसाठी 10 किलोओहम धरले तर सुमारे 22.5 आणि 11.25 नॅनोफॅरॅड येतात. आकृतीवर हे दोन आकडे शेजारी दिसतात, पण 'दुप्पट' कुठेच दिसत नाही. पुढे कोणी वारंवारता दुप्पट करायला ग्राउंडकडचा कपॅसिटर चौथाईवर आणतो. वारंवारता दुप्पट होते खरी, पण क्यू 0.707वरून 1.41वर जातो आणि सपाट प्रतिसादाला साडेतीन डेसिबलचे टेंगूळ येते. एकाला 'सी' आणि दुसऱ्याला '2*सी' लिहिले असते, तर हा अपघात घडलाच नसता.

'पण 11.25 नॅनोफॅरॅड बाजारात मिळतो का?' नाही मिळत. मग 'सी' 10 नॅनोफॅरॅड धरा, दुपटीसाठी दोन समांतर जोडा आणि 'आर' सूत्राने काढा: 11.25 किलोओहम. एक टक्क्याच्या मालिकेतला 11.3 घेतला की वारंवारता 996 हर्ट्झ. कोणती राशी बाजार ठरवतो आणि कोणती गणित, हे नावांनीच स्पष्ट झाले. (मेगासाठी 'मेग' न लिहिता 'एम' लिहिणाऱ्याला मात्र कुठलेही नाव वाचवणार नाही, स्पाइस त्याला मिली समजतो.)

विरोधकांच्या हातून एक खरा मुद्दा निसटला आहे. दोन्ही रेझिस्टरांना एकच 'आर' देऊन '.स्टेप'ने तो एक टक्का हलवला की दोघे एकत्र हलतात. बोर्डावरचे दोन रेझिस्टर तसे वागत नाहीत. म्हणून टॉलरन्स तपासताना 'आर' नाममात्र किमतीसाठी ठेवावा आणि 'एमसी' हे यादृच्छिक फंक्शन प्रत्येक घटकाच्या किमतीत स्वतंत्र लिहावे.