ऑनलाइन गेममधला 'टँक': मार अंगावर घेणारा खेळाडू स्वभावाने कसा असतो?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, टीममधल्या प्रत्येकाला एक ठरलेलं काम असतं. शत्रूचा मार स्वतःवर ओढून घेतो तो टँक. जखमी साथीदारांना बरं करतो तो हीलर. आणि शत्रूला ठोकून काढतात ते डीपीएस. गेमर मंडळी या तिघांना मिळून 'होली ट्रिनिटी' म्हणतात. 1999 मध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने ही मांडणी रुळवली आणि 2004 च्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने ती जगभर नेली.

हीलर आणि डीपीएसचं काम बघताक्षणी कळतं. टँकचं मात्र बाहेरून एवढंच दिसतं: जाड चिलखत, मोठी ढाल, लांबलचक हेल्थ बार. त्यामुळे वाटतं, हा नुसता उभा राहून मार खातो. टँक खेळणाऱ्यांच्या स्वभावाबद्दलचे बरेच गैरसमज इथूनच सुरू होतात.

राक्षस हिशेब ठेवतो

गेममधल्या प्रत्येक राक्षसाकडे एक अदृश्य वही असते. कोणी किती मारलं, कोणी कोणाला किती बरं केलं, त्याचे गुण त्या वहीत चढत जातात. या गुणांना 'थ्रेट' म्हणतात. ज्याचे गुण जास्त, त्याच्यावर राक्षस तुटून पडतो. टँकच्या प्रत्येक फटक्याला जादा थ्रेट मिळतो, म्हणून कमी मारूनही तो यादीत वर राहतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा प्रसिद्ध नियम सांगायचा तर, जवळून लढणाऱ्या दुसऱ्या कोणाचा थ्रेट टँकच्या 110 टक्क्यांवर गेला, किंवा लांबून मारणाऱ्याचा 130 टक्क्यांवर गेला, की राक्षस त्याच्याकडे वळतो. मग टँक 'टॉन्ट' वापरतो, म्हणजे राक्षसाला डिवचतो. त्याने टँकचे गुण पहिल्या नंबरच्या बरोबरीला येतात आणि काही सेकंद राक्षसाला त्याच्यावरच हल्ला करावा लागतो.

म्हणजे टँकचं खरं काम मार खाणं नाहीच. शत्रूने कुठे बघायचं हे तो ठरवतो. ड्रॅगन तोंडातून आग ओकत असेल तर त्याचं तोंड टीमपासून दुसरीकडे फिरवायचं, पुढच्या खोलीत कधी शिरायचं, किती राक्षस एकदम अंगावर घ्यायचे, हे सगळं त्याच्याकडे.

आपल्याकडच्या अनेकांना ही भूमिका परकी वाटते, कारण पब्जी आणि नंतर बीजीएमआयवर वाढलेल्यांनी ती कधी पाहिलीच नाही. समोरचा शत्रू माणूस असेल तर त्याला सहसा असं बटणाने डिवचता येत नाही. तो ढालवाल्याकडे दुर्लक्ष करून सरळ हीलरला टिपतो. पोकेमॉन युनाइट खेळला असाल तर त्यातले स्नॉरलॅक्ससारखे 'डिफेंडर' जवळचं उदाहरण. तेही शत्रूला डिवचण्यापेक्षा वाट अडवून उभे राहतात.

पहिल्या थराला हंडी दिसत नाही

गिरगाव, दादर, लालबाग, परळमधल्या कोणालाही टँक समजावून सांगायचा असेल तर गोविंदा पथकाचा पहिला थर दाखवावा. माझगाव ताडवाडीसारख्या नऊ थरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पथकात कॅमेरे असतात सगळ्यात वरच्या एक्क्यावर. पहिल्या थरातले लोक एकमेकांच्या खांद्यांत हात अडकवून, मान खाली घालून उभे असतात. हंडी फुटली हे त्यांना गर्दीच्या आरड्याओरड्यावरून कळतं, डोळ्यांनी नाही. पण त्यांच्यातला एक जण जरी डगमगला तरी वरचे सगळे खाली येतात.

आता टँकची स्क्रीन आठवा. मोठ्या राक्षसाच्या पायाशी उभं राहिल्यावर त्याला बऱ्याचदा एक गुडघाच दिसतो! लढाई संपल्यावर सगळे डॅमेजचा तक्ता उघडतात आणि त्यात टँक बहुतेकदा डीपीएसच्या खाली असतो. हे ज्याला खुपत नाही, तोच या भूमिकेत टिकतो. माझ्या मते टँकच्या स्वभावाची ही सगळ्यात खरी खूण आहे, धाडस नाही. धाडसी माणसाला बहुतेक वेळा डीपीएसच व्हायचं असतं.

दुसरी खूण म्हणजे तयारी. अनेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून, म्हणजे हंडीच्या महिनाभर आधीपासून सुरू होतो, कारण थर त्याच दिवशी शिकता येत नाहीत. टँकलाही डंजनचा रस्ता आधी माहीत असावा लागतो. डीपीएस दुसऱ्यांच्या मागे चालत चालत शिकू शकतो. टँकच्या पुढे कोणीच नसतं.

तिसरी खूण पटकन लक्षात येत नाही: चांगला टँक सतत मागे बघतो. हीलरचा माना संपलाय का? कोणी मागे राहिलंय का? वाईट टँक ओळखायचा तोही इथेच. कोणालाही न विचारता तो तीन खोल्यांमधले राक्षस एकदम गोळा करतो आणि मेला की हीलरला शिव्या घालतो. जबाबदारी घेणं आणि हुकूम चालवणं यातली रेषा या भूमिकेत फार पुसट आहे.

स्वभावामुळे टँक, की टँकमुळे स्वभाव?

'तुम्ही टँक खेळता? म्हणजे तुम्ही जन्मजात लीडर!' अशा क्विझ इन्स्टावर फिरतात. त्या सोडून द्या. खेळाडूंच्या स्वभावावर गंभीर कामही झालेलं आहे. रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये ऑनलाइन खेळाडूंचे चार प्रकार मांडले: काहीतरी मिळवत राहणारे, जग धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्यांना त्रास देण्यात रमणारे. टँक यातल्या कुठल्याही प्रकारातला असू शकतो. पुढे निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या खेळाडूंची स्वभावचाचणी त्यांच्या गेममधल्या नोंदींशी ताडून पाहिली. माणसांत रमणारे गटाने करायच्या गोष्टींकडे जास्त वळतात, शिस्तीचे लोक वस्तू जमवण्यात रमतात, असे धागे त्यात दिसले.

याच यी यांचा जेरेमी बेलेन्सन यांच्यासोबतचा 2007 चा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आभासी जगात ज्यांना उंच अवतार मिळाला, ते पैशांच्या वाटाघाटीत जास्त ठाम वागले. याला 'प्रोटियस इफेक्ट' म्हणतात: अवतार जसा, तसं माणूस वागायला लागतो. म्हणजे एरवी तोंड न उघडणारा मुलगा ढाल हातात आल्यावर 'थांबा, आधी मी जातो' म्हणायला लागला, तर नवल नाही.

शिवाय व्यवहारात निवड बऱ्याचदा स्वभावाने होतच नाही. चार मित्र गेम टाकतात, तिघं पटापट धनुष्य, तलवार, जादू घेतात आणि उरलेल्याला ढाल मिळते. मंडळात वर्गणीचा हिशेब ठेवणारा असाच ठरतो. एकदा नीट केलं की दरवर्षी तोच.

टँक कायम कमी का पडतात?

पाच जणांच्या डंजनमध्ये टँक लागतो एकच. तरी तो मिळत नाही म्हणून बाकीचे रांगेत ताटकळतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने 2011 मध्ये 'कॉल टू आर्म्स' आणलं: ज्या भूमिकेचा तुटवडा, ती घेणाऱ्याला जादा बक्षीस. 'फायनल फँटसी 14' मध्येही असाच बोनस आहे. पण बक्षिसाने मूळ अडचण जात नाही. डीपीएस चुकला तर बहुतेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. टँक चुकला तर पाच सेकंदांत सगळे मरतात आणि चॅटमध्ये नाव त्याचंच येतं. लोक राक्षसाच्या माराला घाबरत नाहीत, या बोलण्याला घाबरतात. चांगले टँक गेम सोडतात तेही बहुधा यामुळेच.

मोबाइलवर टँक खेळायचा असेल तर

'अल्बियन ऑनलाइन' 2021 पासून मोबाइलवर आहे. त्यात कॅरेक्टरला कायमचा क्लास नसतो. अंगावर घालाल ती भूमिका. म्हणून एकाच खात्यावर टँक करून बघता येतो, पण शिकायचं ते निळ्या आणि पिवळ्या भागात. लाल आणि काळ्या भागात मेलात तर अंगावरचं सामान दुसरे लुटून नेतात.

ट्रेनमध्ये टँक घेऊ नका. दादर ते परळ एवढ्या अंतरात नेटवर्क गेलं तर डीपीएसविना टीम कशीबशी तगते, टँकविना नाही. घरात व्हॉइस चॅटचीही अडचण येते. चाळीतल्या एका खोलीत बाबा बातम्या बघत असताना 'सगळे डावीकडे या' असं ओरडता येत नाही. त्यावर उपाय म्हणून 'थांबा', 'चला', 'माना बघा' असे चार-पाच छोटे मेसेज आधीच लिहून ठेवा. आणि अनोळखी टीमसोबत पहिल्यांदा ढाल घेताना सुरुवातीलाच चॅटमध्ये टाका, 'टँक नवीन आहे, हळू जाऊ.' ज्याला घाई असेल तो तिथेच निघून जाईल. बाकीचे सहसा थांबतात, रांगेत पुन्हा उभं राहण्यापेक्षा ते बरं.